चमचा, रोलर आणि लिनोचा तुकडा

बँकेच्या व्यवहारात अंगठ्याच्या ठशाला स्वाक्षरीइतकाच मान आहे. शाईच्या गादीवर अंगठा टेकवायचा, तो कागदावर हलकेच फिरवून उचलायचा, की काम झाले. त्वचेवरील उंच रेषांनी शाई घेतलेली असते, मधले पन्हळ कोरडेच राहिलेले असतात, आणि कागदावर उतरते ते केवळ उंच भागांचे चित्र. या कामाला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. बोटाचा दाब तेवढा पुरतो. मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८५८ साली रस्त्याच्या सामानाचा ठेका देताना राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या संपूर्ण पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला होता. हर्शेलचा हेतू त्या वेळी माणसाची ओळख पटविण्याचा नव्हताच. पुढे ठेकेदाराने ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणू नये, एवढा धाक त्याला घालावयाचा होता. परंतु त्या कागदावर जे घडले ते, कलेच्या परिभाषेत सांगायचे तर, उठावाच्या पद्धतीने काढलेले एक मुद्राचित्रच होते.

चित्रकलेची ही शाखा आपल्याकडे काहीशी उपेक्षित राहिली आहे. मुद्राचित्रण म्हटले की लोखंडी चाकांची अवजड दाबयंत्रे, तेजाबाच्या कुंड्या, शिळा, कार्यशाळा असे दृश्य डोळ्यांपुढे येते आणि सामान्य हौशी माणूस दोन पावले मागे सरतो. तैलरंग वा जलरंग घेऊन घरी बसणारे पुष्कळ आढळतात. ठसे कोरणारे मात्र विरळा. वस्तुतः मुद्राचित्रणाचा जो सर्वांत प्राचीन आणि सर्वांत जोमदार प्रकार आहे, त्याला दाबयंत्राची गरज कधीच नव्हती. स्वयंपाकघरातील एक चमचा त्यासाठी पुरेसा होतो. हे विधान अनेकांना अतिशयोक्त वाटेल, म्हणून त्यामागचे कारण आधी पाहू.

आपल्या खिशातील शंभर, दोनशे किंवा पाचशे रुपयांची नोट काढावी आणि महात्मा गांधींच्या चित्रावरून नखाचे टोक हलकेच फिरवावे. किंचित खरखरीत, उंचसखल असा स्पर्श जाणवेल. हे इंटॅग्लिओ, म्हणजे खोदमुद्रण. यात धातूच्या पत्र्यावर रेषा खोल कोरलेल्या असतात, शाई त्या खाचांत भरलेली असते आणि वरचा सपाट भाग पुसून स्वच्छ केलेला असतो. खाचेच्या तळाशी बसलेली शाई उचलण्यासाठी कागदाला त्या खाचेत शिरावे लागते, आणि त्यासाठी प्रचंड दाब द्यावा लागतो. नाशिकरोड व देवास येथील मुद्रणालयांत ते काम यंत्रे करतात. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. महाराष्ट्राला खोदमुद्रणाची ओळख मात्र त्याहून जुनी आहे. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात आरंभिलेले भगवद्गीतेचे ताम्रपट अखेर १८०५ मध्ये मिरजेस छापले गेले, ते याच पद्धतीने.

उठावाच्या ठशात सारे उलटे असते. जे छापायचे नाही ते कोरून काढावयाचे आणि जे छापायचे ते उंच ठेवावयाचे. शाई माथ्यावर असते. कागदाने तिला नीट स्पर्श केला की पुरे. आता थोडा हिशेब करू. बँकेच्या वाचकांना आकड्यांचे वावडे नसावे. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे १० बाय १५ सेंटिमीटरचा ठसा घेतला तर त्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर होते. साठ किलो वजनाचा माणूस त्यावर फळी ठेवून उभा राहिला, तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ४०० ग्रॅम भार येतो. उलट, चमच्याच्या पाठीचा कागदाला टेकणारा भाग अवघा एखादा चौरस सेंटिमीटर असतो. त्यावर हाताने चार किलोचा जोर दिला, तर तेथील दाब दहापट होतो. यंत्र जे एका फेरीत सर्वत्र करते ते चमचा तीळतीळ जागा घेत करतो, इतकाच काय तो फरक. वेळ अधिक जातो. घरी बसून छापणाऱ्याला वेळेचा तोटा सहसा नसतो.

जपानी कारागिरांना हे गणित हातानेच कळले होते. त्यांचे ‘बारेन’ नावाचे साधन म्हणजे दोरीच्या वेटोळ्यांची एक चपटी चकती आणि तिच्यावर ताणून बांधलेले बांबूच्या कोंबाचे आवरण. ठशावर कागद घालून पाठीमागून बारेनने घासले की चित्र उतरे. होकुसाईची १८३१ च्या सुमारास निघालेली ती जगप्रसिद्ध लाट, हिरोशिगेचे पाऊस आणि पूल, ही सारी चित्रे अशीच हाताने घासून छापलेली आहेत. एकेका चित्राच्या हजारो प्रती त्या काळी निघत. त्यामागे जाऊ म्हटले तर चीनमध्ये ‘वज्रसूत्र’ या बौद्ध ग्रंथाची ८६८ साली लाकडी ठशांवरून छापलेली गुंडाळी भेटते. छापल्याची तारीख अंकित असलेले, आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने संपूर्ण छापील पुस्तक होय. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते जतन केलेले आहे. त्यातील बुद्धाचे चित्र पाहताना कोणालाही ते यंत्राविना छापलेले आहे याची शंकाही येत नाही.

आपल्या देशाने हीच विद्या कागदापेक्षा कापडावर अधिक जोपासली. राजस्थानातील सांगानेर व बगरू, आंध्रातील मछलीपट्टणम, मध्यप्रदेशात धार जिल्ह्यातील बाघ, २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये नव्याने वसलेले अजरखपूर, अशी कितीतरी गावे लाकडी ठशांवर जगली. गांधीनगरजवळचे पेथापूर तर हे ठसे कोरणाऱ्यांसाठीच प्रसिद्ध. सागवानाच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी उतरवायची, तो ठोकळा रंगाच्या गादीवर टेकवायचा आणि कापडावर ठेवून वरून मुठीचा एक ठोसा द्यायचा. अंगावरची चादर किंवा दुपट्टा जवळून पाहिल्यास जोडावर कोठे तरी एखादा केसभर फरक दिसतो. तो दोष नव्हे. तेथे माणसाचा हात होता, एवढेच त्यातून कळते.

मग घरी काम करणाऱ्याने लाकूडच का घेऊ नये? घ्यावे, परंतु आरंभी नव्हे. लाकडाला रेषा असतात, त्या हत्याराला हवे तिकडे ओढून नेतात. नवशिक्याच्या धीराची परीक्षा तेथेच होते. लिनोलियमला रेषा नाहीत, कोणत्याही दिशेने ते सारखेच कापले जाते. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज उद्योजकाने १८६० च्या दशकात त्याचे पेटंट घेतले ते जमिनीवर अंथरण्यासाठी. हवेत घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ आणि बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा यांचे ते मिश्रण तागाच्या कापडावर थापलेले असते. त्या काळी स्कॉटलंडच्या गिरण्यांत हा ताग बंगालमधूनच जात असे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. लिनोच्या ताज्या तुकड्याला आजही जवसाच्या तेलाचा मंद वास येतो.

फरशीच्या या आच्छादनातून चित्रकलेचे माध्यम निर्माण झाले, त्याला मोठमोठ्या कलाशाळांपेक्षा शिक्षक मंडळी अधिक कारणीभूत आहेत. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी मुलांच्या वर्गात लिनो आणला. लंडनमध्ये क्लॉड फ्लाइट यांनी तो चिकाटीने शिकविला आणि १९२९ साली लिनोकटांचे पहिले ब्रिटिश प्रदर्शन रेडफर्न गॅलरीत भरविले. फ्लाइट यांचा आग्रह असा, की साधने घरचीच असावीत. मोडक्या छत्रीच्या काडीला धार लावून कोरणी करावी आणि छपाई हाताने घासून करावी. सामान्य माणसाला सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत चित्र विकत घेता यावे, हे त्यांचे स्वप्न होते. ते पुरे झाले नाही. आज त्यांच्या व त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रती लिलावात मोठ्या रकमांना जातात, यास दैवाचा विनोद म्हणावे लागेल.

भारतात या माध्यमाला जे तेज चढले ते मात्र शांतिनिकेतनात. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात नंदलाल बोस यांनी लिनोकटचा अवलंब केला. १९३० सालच्या दांडीयात्रेनंतर त्यांनी केलेले गांधीजींचे चित्र ठाऊक नाही असा भारतीय विरळाच. हाती काठी घेतलेले, पुढे झुकून चालणारे गांधीजी, पार्श्वभूमी संपूर्ण काळी आणि आकृती पांढऱ्या रेषांची. कोरणीने काढून टाकलेला भाग पांढरा उमटतो, या एका साध्या नियमातून ते सगळे चित्र उभे राहिले आहे. त्यात एकही रेषा वाढविता येणार नाही आणि एकही कमी करता येणार नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली बालपुस्तकासाठीही नंदलालबाबूंनी लिनोकट केले. बंगालमधील कित्येक पिढ्यांनी अक्षरांसोबत ती चित्रे पाहिली.

मुंबईकरांना दुसरे नाव अधिक जवळचे वाटावे. चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे कलावंत. १९४० च्या दशकात ते मुंबईस आले आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यांनी अंधेरीत काढला. राबणारी लहान मुले, शेतकरी, मायलेकरे हे त्यांच्या लिनोकटांचे विषय. पैशाची ओढाताण त्यांना सदैव होती. लिनो त्यांनी निवडला तो केवळ सौंदर्यदृष्टीने नव्हे. स्वस्तात अनेक प्रती निघतात आणि चित्र श्रीमंताच्या एका भिंतीवर अडकून पडत नाही, हा त्यामागचा विचार होता. यंत्र परवडत नाही म्हणून कला थांबते, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला अंधेरीच्या या कलावंताचे नाव सांगावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात लिनोचे तुकडे, पाच-सहा पात्यांचा कोरणीसंच आणि रबराचा लहान रोलर मिळतो. एखाद्या कुटुंबाने मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा पाहून खाणेपिणे करण्याच्या खर्चात हा आरंभीचा संसार सहसा मांडता येतो. कडक लिनो नको असेल तर मऊ रबराच्या लाद्याही हल्ली मिळतात. त्या लोण्यासारख्या कापल्या जातात. माझे मत विचाराल तर लिनोच बरा. मऊ रबरावर हात सैल सुटतो आणि रेषेला कणखरपणा येत नाही. लिनो थंडीत ताठरतो, तेव्हा दिल्ली-सिमल्याकडील वाचकांनी तो पाच मिनिटे उन्हात ठेवावा किंवा वर कापड घालून कोमट इस्त्री फिरवावी. फार जुना झालेला लिनो मात्र ठिसूळ होऊन कडांना तुटतो. तो घेऊ नये.

चित्र कागदावर काढून कार्बन पेपरने लिनोवर उतरवितात. येथे पहिला चकवा असतो. ठसा उलटा छापतो. उजवीकडे पाहणारा माणूस छापल्यावर डावीकडे पाहू लागतो. निसर्गचित्रात त्याने काही बिघडत नाही, परंतु अक्षरे असतील तर चित्र पारदर्शक कागदावर काढून, तो कागद पालथा घालून मगच गिरवावे. बँकेतील कोणताही रबरी शिक्का उलटा धरून पाहावा म्हणजे हे लगेच ध्यानात येईल. देवनागरीत ‘ठ’ हे अक्षर दोन्हीकडून जवळपास सारखेच दिसते. ‘ठसा’ शब्दाचे पहिले अक्षर तेवढे उलटले तरी निभावून जाते, ही एक गंमत.

कोरण्यापूर्वी सगळा पृष्ठभाग पातळ शाईने किंवा मार्करने काळा करून घ्यावा. त्यामुळे कोरलेली रेषा उठून दिसते आणि छापल्यावर काय उमटेल याचा अंदाज येतो. बारीक रेषांसाठी व्ही आकाराचे पाते आणि मोकळे भाग उपसण्यासाठी गोल तोंडाचे पाते वापरतात. पाते लिनोत खुपसायचे नसते. त्याला जवळजवळ आडवे धरून, वरचेवर ढकलत न्यायचे असते. पातळ साल निघाली पाहिजे. खोल जाऊन तागाचे कापड दिसू लागले तर हत्यार फार उभे धरले आहे असे समजावे. वळण घ्यायचे झाल्यास हात न वळविता लिनो फिरवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : मोकळा हात नेहमी पात्याच्या मागे असावा, पुढे कधीही नसावा. हाताला होणाऱ्या बहुतेक जखमा या एकाच नियमाच्या हेळसांडीने होतात. त्यावर जुना उपाय आहे. वहीएवढी एक फळी घ्यावी. तिच्या एका कडेला वरून आणि समोरच्या कडेला खालून अशा दोन लाकडी पट्ट्या ठोकाव्यात. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरची लिनोला अडविते. मग लिनो धरून ठेवण्याची गरजच उरत नाही. कोणताही सुतार ही फळी पंधरा मिनिटांत करून देईल.

शाईबद्दल दोन मतप्रवाह आहेत. पाण्यात विरघळणारी शाई धुण्यास सोपी, मुलांसाठी योग्य. परंतु आपल्या हवेत, विशेषतः नागपूरच्या किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात, ती काचेवरच वाळू लागते. तीत ग्लिसरीनचे चार थेंब टाकले की थोडी सवड मिळते. तेलाची शाई दाट, तकतकीत आणि कामाला आज्ञाधारक असते. ठशांसाठीची खास शाई न मिळाल्यास गावातील ऑफसेट छापखान्यातून थोडी काळी शाई मागून आणावी. वाटीभर शाईत अनेक महिने निघतात. ती वाळते मात्र सावकाश. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस, कोकणच्या पावसाळ्यात आठवडाही लागू शकतो.

काचेच्या तुकड्यावर चमचाभर शाई घेऊन रोलर उभा-आडवा फिरवीत राहावा. शाई जाड असेल तर रोलर पचपच करतो. ती योग्य थराची झाली की आवाज बदलतो, बारीक चरचर ऐकू येऊ लागते आणि काचेवरचा थर मखमलीसारखा दिसतो. हा आवाज ओळखता आला की अर्धी विद्या हाती आली असे मी म्हणेन. त्यानंतर रोलर ठशावर फिरवावा. शाईचा एकच जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर द्यावेत. जाड थराची शाई कोरलेल्या रेषांत उतरते आणि चित्र बुजते.

कागद पातळ परंतु चिवट हवा. नेपाळी हातकागद उत्तम. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा शतकानुशतकांची आहे आणि पुण्यात शिवाजीनगरलाही १९४० पासून हातकागद तयार होत आला आहे. जाड हातकागदच वापरायचा असेल आणि शाई तेलाची असेल, तर कागदावर पाण्याचा हलका शिडकावा करून तो टीपकागदात तासभर दाबून ठेवावा. ओलसर कागद मऊ पडतो आणि शाईला मिठी मारतो. झेरॉक्सचा गुळगुळीत कागद कच्च्या प्रतीसाठी ठीक आहे. पहिली प्रत त्याच्यावरच काढावी.

कागद एकदा ठशावर टेकला की तो हलवावयाचा नसतो. प्रथम तळहाताने मधून कडांकडे सपाट करावा, मग बटर पेपरचा एक तुकडा वर घालून चमच्याच्या पाठीने लहान लहान वर्तुळांत घासावयास आरंभ करावा. बटर पेपरमुळे खालचा कागद फाटत नाही आणि चमचा अडत नाही. एक हात सतत कागदावर दाबून असावा. स्टीलचा चमचा घासता घासता गरम होतो; ते चालावयाचेच. पातळ कागदाच्या पाठीवर हळूहळू चित्राची छाया दिसू लागते आणि कोठे घासायचे राहिले ते कळते. शंका आली तर एक कोपरा उचलून पाहावे. उरलेला कागद जागच्या जागी असल्याने तो पुन्हा तेथेच बसतो. फिकट भागावर थोडी शाई लावून पुन्हा घासताही येते. यंत्राला ही मुभा नाही. तेथे कागद एकदा आत गेला की निकाल लागून बाहेर येतो. चमच्याने छापणाऱ्याला मात्र आकाश जरा हलके घासून धुके आणता येते आणि वृक्षाचा बुंधा जोराने घासून काळाभोर करता येतो. म्हणूनच यंत्र दारात असूनही चमचा न सोडणारे कलावंत आहेत.

लहान मुलांच्या हाती कोरणी देणे योग्य नव्हे. त्यांच्यासाठी बटाटा, आडवी कापलेली भेंडी, कारल्याची चकती, पिंपळाचे पान यांचे ठसे आहेतच. शाळेत आपण सर्वांनीच ते केले आहेत. वस्तूंच्या पॅकिंगमधील फोमच्या तबकाचा सपाट तळ कापून त्यावर बोथट पेन्सिलीने दाबून रेघोट्या ओढल्या तरी सुबक ठसा होतो. शाई लावून, कागद ठेवून तळहाताने घासले की झाले.

एकाहून अधिक रंग हवे असतील तर दरवेळी कागद नेमक्या त्याच जागी बसविणे हे कौशल्य. जपानी कारागीर ठोकळ्यावरच एका कोपऱ्यात काटकोनी आणि एका कडेला सरळ अशा दोन खुणा कोरीत आणि कागद त्यांना टेकवीत. घरी पुठ्ठ्याचा काटकोनी कोपरा चिकटवून तेच साधता येते. पिकासोने १९५० च्या दशकाअखेरीस एकच लिनो टप्प्याटप्प्याने कोरीत प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग छापण्याची पद्धत गाजविली. तिच्यात माघार नाही. दुसरा रंग छापण्यासाठी कोरले की पहिल्या रंगाचा ठसा कायमचा गेला. म्हणून किती प्रती हव्यात ते आधीच ठरवावे लागते.

प्रतींचा विषय निघालाच आहे, तर ग्राहकांच्या हिताची एक गोष्ट येथे विस्ताराने मांडली पाहिजे. मुद्राचित्राची दहावी प्रत ही पहिल्या प्रतीची नक्कल नव्हे. ठसा हे साधन आहे आणि त्यावरून कलावंताने काढलेली प्रत्येक प्रत ही मूळ कलाकृतीच असते. म्हणून प्रतीच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ३/२० असे लिहितात, म्हणजे एकूण वीस प्रतींपैकी ही तिसरी, आणि उजवीकडे स्वाक्षरी करतात. हा आकडा म्हणजे वचन आहे. वीस म्हटले की एकविसावी निघता कामा नये. हे पाळण्यासाठी काही कलावंत वीस प्रती होताच ठशावर आडवी चीर मारतात. नोटेवरील क्रमांकाइतकीच येथेही विश्वासाची बाब आहे, फरक एवढाच की येथे रिझर्व्ह बँक नाही. आहे ती केवळ कलावंताची नियत.

याउलट, रंगविलेल्या चित्राचे छायाचित्र घेऊन यंत्राने काढलेली प्रत कितीही सुंदर असली तरी ती पुनर्मुद्रणच. राजा रविवर्मांच्या १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचविल्या. ती चित्रे दगडांवरून छापलेली असली तरी मूळ तैलचित्रांच्या प्रतिकृती होत्या, आणि कोणी त्या मूळ कृती म्हणून विकत नव्हते. आज मात्र संगणकावरून काढलेल्या प्रतींवर ‘मर्यादित आवृत्ती’ असे लिहून, क्रमांक घालून, मूळ मुद्राचित्राच्या भावात त्या विकल्या जाताना आढळतात. डिजिटल प्रत घेणे गैर नाही; ती काय आहे हे न कळता घेणे महागात पडते. खरेदीपूर्वी साधे भिंग लावून पाहावे. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यांत्रिक पुनर्मुद्रण होय. हाताने छापलेल्या लिनोकटात शाईचा सलग थर असतो, कडेला तो किंचित दाट होतो आणि कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरल्यास चमच्याच्या घासण्याची चकाकी बहुधा दिसते. विक्रेत्याला सरळ विचारावे : हे कोणत्या माध्यमात केले आहे, कोणी छापले, ठशाचे पुढे काय झाले? ही माहिती पावतीवर लिहून मागण्यात संकोच बाळगू नये. घरी छापणाऱ्यानेही आपल्या प्रतींवर पहिल्या दिवसापासून खरे आकडे घालावेत. भेट म्हणून दिलेल्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर १७/५० असा आकडा आणि स्वाक्षरी असली, तर घेणारा ते सहसा फेकून देत नाही.

काम आटोपल्यावरची आवराआवर कोणालाच आवडत नाही. तेलाच्या शाईसाठी रॉकेलची गरज नाही. खाण्याचे साधे तेल काचेवर, रोलरवर आणि ठशावर चोळावे, चिंधीने पुसावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. बंद खोलीत रॉकेलचा वास घेत बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. जवसाच्या तेलाची शाई पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल हवेतील प्राणवायू घेत वाळते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि दाबून ठेवलेला बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून टाकाव्यात किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्याव्यात.

प्रती दोरीवर चिमट्यांनी टांगाव्यात, एकीला दुसरी लागू देऊ नये. रोलर कधीही रबराच्या बाजूवर ठेवू नये. तेथे सपाट खळगा पडतो आणि मग प्रत्येक ठशावर त्याची पांढरी पट्टी उमटते. त्याला खिळ्याला टांगावे. ठसा स्वच्छ पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, कपाटात आडवा ठेवावा. दोन-चार वर्षांनी बाहेर काढला तरी तो छापतो, फक्त आवृत्ती पूर्ण झालेली नसेल तरच.